प्रवास किती दिवसांचा?

सालेकसा, आज

गोंदियाहून डोंगरगडकडे निघालेली मेमू सालेकसा स्टेशनात लागते आणि तुम्ही घाईने चढता. बाकं भरलेली आहेत. बम्लेश्वरीच्या दर्शनाला निघालेल्या बायकांनी खिडकीकडच्या जागा कधीच धरल्या आहेत. दाराजवळ मुद्दाम मोकळी सोडलेली जागा असते, तिथे तुम्ही वरची कडी धरून उभे राहता. तक्रार करण्यासारखं काही नाही. प्रवास थोडक्याच वेळाचा आहे. तेवढ्यासाठी रेल्वेने बर्थ का द्यावा?

तेवढ्यात शेजारच्या रुळावरून हावड्याची एक्स्प्रेस न थांबता धडधडत निघून जाते. तिच्यात बर्थ आहेत, चार्जिंगचे पॉइंट आहेत, जेवणाची सोय आहे. रूळ मात्र त्याच मापाचे. एकोणिसाव्या शतकात इथून आधी मीटरगेज गेली, मग बंगाल-नागपूर रेल्वेने ती ब्रॉडगेज केली आणि रुळांमधलं अंतर १,६७६ मिलिमीटर झालं. डबा फार तर किती रुंद असेल, हे बरंचसं त्या आकड्याने बांधून टाकलं. त्या रुंदीत काय बसवायचं, हे ठरवणारा आकडा दुसरा: प्रवासाचे तास. गरीब रथात साइडच्या दोन बर्थांमध्ये तिसरा घातला, तेव्हा माणसं जास्त मावली आणि बसणाऱ्याची मान वाकली. डब्यात जागा नव्याने निर्माण होत नाही, एकाची काढून दुसऱ्याला दिली जाते.

विज्ञानकथांमधली अंतराळयानं याच हिशेबाने आतून बघायची असतात. बाहेरून सगळीच झोकदार दिसतात. आत शिरून विचारायचं: प्रवास किती दिवसांचा, आणि कुणाची जागा कापली?

गाडी दरेकसाच्या बोगद्यात शिरते. काळोख होतो. कडी घट्ट धरा. पलीकडे निघाल तेव्हा वर्ष वेगळं असेल आणि प्रवास जरा लांबलेला असेल.

स्टोन्स हिल, फ्लोरिडा : ज्यूल व्हर्नच्या पानांत, १८६५

तुम्ही ॲल्युमिनियमच्या तोफगोळ्यात आहात. शंकूच्या बाजूला असलेल्या अरुंद भोकातून आत सरकावं लागलं. जमीन ५४ चौरस फुटांची, म्हणजे जवळपास स्लीपरच्या आठ जणांच्या कप्प्याएवढी. उंची दहा फूट. बार्बिकेन, निकोल आणि अर्दां हे तिघे प्रवासी, सोबत दोन कुत्री, आणि अर्दांने कुणाला न सांगता आणलेल्या कोंबड्या. भिंतींना जाड चामड्याची गादी, तिच्यामागे पोलादी स्प्रिंगा. पायाखालच्या लाकडी तबकडीखाली तीन फूट पाणी भरलंय. तोफ उडाली की मधले पडदे एकामागून एक फुटावेत, पाण्याने धक्का पोटात घ्यावा, अशी योजना.

प्रवास ९७ तास २० मिनिटांचा. म्हणून खोल्या पाडलेल्या नाहीत. जेवण, झोप, निरीक्षण, भांडण, सगळं एकाच जागी. हवेचा हिशेब मात्र चोख आहे: पोटॅशियम क्लोरेट तापवून प्राणवायू करायचा आणि सोडलेला कार्बन डायऑक्साइड कॉस्टिक पोटॅशने शोषून घ्यायचा. काचेची चार गवाक्षं आहेत, त्यातलं एक थेट जमिनीत. चंद्राकडे निघालेल्या माणसाला मागे पडणारी पृथ्वी बघावीशी वाटेल, हे व्हर्नने ओळखलं होतं.

रात्रीचे १० वाजून ४६ मिनिटं ४० सेकंद. तोफेला बत्ती मिळते.

व्हर्नने लिहिलं म्हणून तुम्ही वाचता. खऱ्या हिशेबात ९०० फुटांच्या नळीत सेकंदाला ११ किलोमीटरचा वेग गाठायचा, तर तुमचं वजन वीस हजार पटींहून जास्त होईल. मग गादी चामड्याची की मखमलीची, याला अर्थ उरत नाही. आणखी एक चूक तुम्हाला चालता चालता जाणवते: तुमचे पाय सबंध वाटभर जमिनीवरच आहेत. पृथ्वी आणि चंद्र यांची ओढ जिथे सारखी होते, तेवढ्याच टापूत व्हर्न माणसांना तरंगू देतो. खरं तर तोफेतून सुटल्यापासूनच तुम्ही तरंगायला हवं होतं, आणि मग जमीन आणि छत हा भेदच राहिला नसता. त्याने दिवाणखाना रेखाटला, कारण त्याच्या काळी चांगल्या प्रवासाचं चित्र तेच होतं.

मराठी वाचक या दिवाणखान्यात लवकर पोचला. १९०० साली 'केरळ कोकिळ' मासिकात व्हर्नवरून घेतलेली 'चंद्रलोकची सफर' येऊ लागली. गोंदियाच्या बाजूला रेल्वेच अजून नवलाची होती, तेव्हा मराठीत चंद्राचा डबा सुटला होता.

बर्लिन, १९२९

थोडा वेळच थांबू. फ्रिट्झ लांगचा 'फ्राउ इम मोंड' हा मूकपट, सल्लागार रॉकेटशास्त्रज्ञ हेर्मान ओबेर्थ. तुम्ही यानात आडवे झाला आहात, कारण उड्डाणाचा दाब उभ्या शरीरापेक्षा आडव्या शरीराला सोसतो. इंजिन बंद होताच तुम्ही उठता, आणि हात आपोआप वर जातो. छताला चामड्याच्या कड्या आहेत! जमिनीवरही आहेत, पाय अडकवायला. मेमूत पडू नये म्हणून कडी, इथे उडू नये म्हणून. तरंगणाऱ्या माणसाला धरायला काय द्यायचं, हा प्रश्न इथे मांडणीत उतरलेला दिसतो.

हॉलिवूड, १९६६

आता तुमच्याकडे काम आहे. 'स्टार ट्रेक'च्या सेटवर तुम्ही दारामागे बसला आहात आणि हातात दोरी आहे. कॅप्टन कर्क ताडताड चालत येतो. दार आपोआप उघडतंय असं दिसायला हवं, म्हणून तुम्ही बरोबर वेळ साधून ओढता. अर्धा सेकंद चुकलात की नायकाचं नाक फळीवर. 'फिस्स' हा आवाज नंतर जोडतील.

एंटरप्राइझ यानावर ४३० माणसं आहेत आणि मोहीम पाच वर्षांची, असं कथा सांगते. पण आतली मांडणी ठरवणारा प्रवास पाच वर्षांचा नाही, एका भागाचा आहे. तोही तासाभरात संपतो. दर आठवड्याला एवढं मोठं यान नव्या ग्रहावर उतरवून दाखवणं खर्चाला परवडेना, म्हणून माणसांना किरणांतून खाली पाठवणारं ट्रान्सपोर्टर यंत्र निघालं. तारांवर नट तरंगवणं महाग, म्हणून यानात गुरुत्व कधी बंद पडत नाही. कलादिग्दर्शक मॅट जेफरीज यांनी नियंत्रणकक्ष गोल केला आणि कॅप्टनची खुर्ची मधोमध ठेवली. त्या गोलाचे तुकडे सुटे होतात. जो तुकडा काढाल तिथे कॅमेरा बसतो.

कथेच्या दृष्टीने बघा. नियंत्रणकक्ष यानाच्या अगदी डोक्यावर आहे, पहिला गोळा लागणार तो तिथेच. कुठलाही नौदल अभियंता तो पोटात, चिलखताच्या आत ठेवील. पण वरच्या घुमटापासून सुरुवात केली की प्रेक्षकाला आपण कुठे आहोत ते लगेच कळतं. आणि ४३० माणसांच्या या यानात संडास पडद्यावर कधी येत नाही. तासाभराच्या प्रवासात तो लागत नाही.

बोरहॅमवुड, १९६६

इंग्लंडमधल्या एमजीएम स्टुडिओत तुमच्यासमोर ३८ फूट व्यासाचं लोखंडी चाक फिरतंय. विमानं बनवणाऱ्या व्हिकर्स-आर्मस्ट्राँग कंपनीने ते बांधलंय आणि त्यावर साडेसात लाख डॉलर गेलेत. चाकाच्या आतल्या बाजूला टेबल, खुर्च्या, झोपण्याच्या पेट्या. चाक फिरतं आणि नट तळाशी चालत राहतो. '२००१ : अ स्पेस ओडिसी'मधल्या डिस्कव्हरी यानाचं हे घर. एका दृश्यासाठी गॅरी लॉकवुड या नटाला वरच्या बाजूला खुर्चीत बांधलंय, उलटं, आणि तशातच त्याला जेवण करायचंय.

इथे एक पाऊल आत टाका आणि गणित पायांनी करून बघा. चाकाची त्रिज्या साधारण ५.८ मीटर. मिनिटाला पाच फेरे दिले तर पायाशी चंद्राएवढं गुरुत्व मिळतं. पण तुमचं डोकं केंद्राच्या जवळ आहे, तिथे ते सुमारे तीस टक्क्यांनी कमी. मान पटकन वळवली की भोवळ येणार. ही भोवळ टाळायची तर फेरे कमी करायला हवेत, आणि फेरे कमी केले की चाक मोठं लागतं. मिनिटाला दोनच फेरे आणि पृथ्वीएवढं वजन हवं असेल, तर त्रिज्या २२४ मीटर. एकच फेरा, तर जवळपास ९०० मीटर. प्रवास जितका लांब तितकी हाडं-स्नायू टिकवायची गरज मोठी, आणि तितकं चाक मोठं. दिग्दर्शक क्युब्रिक आणि लेखक आर्थर क्लार्क यांनी महिन्यांचा प्रवास धरला, चंद्राएवढ्या वजनावर भागवलं आणि उरलेल्या प्रवाशांना पेट्यांमध्ये झोपवून टाकलं. झोपलेला माणूस जागा, जेवण, हवा, सगळंच कमी मागतो.

या यानाची लांबलचक मान दिसायला सुंदर आहे, पण ती सौंदर्यासाठी नाही. माणसं एका टोकाला, अणुभट्टी दुसऱ्या टोकाला. अंतर दुप्पट केलं की किरणोत्सार चौथ्या हिश्श्यावर येतो. जाड शिशाची भिंत वाहून नेण्यापेक्षा लांब दांडा हलका. मग एक गोष्ट मुद्दाम खोटी ठेवली गेली. पोकळीत हवा नाही, म्हणजे भट्टीची उष्णता फक्त प्रारणाने बाहेर जाणार, आणि त्यासाठी मोठमोठे पत्रे पसरायला हवेत. ते रेखाटलेही होते. पण प्रेक्षक त्यांना पंख समजतील आणि जिथे हवा नाही तिथे पंख कशाला असं विचारतील, म्हणून काढून टाकले. नियम पाळला तर चूक वाटते आणि मोडला तर खरं वाटतं, ही अडचण यानकथेला कायमची चिकटलेली आहे.

मुंबई, १९७४

मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेसाठी आलेली पाकिटं तुम्ही लावून ठेवता आहात. एकावर नाव आहे नारायण विनायक जगताप. अक्षर वळणदार, कथेचं नाव 'कृष्णविवर'. आद्याक्षरं उलटी वाचा: ज. वि. ना. लेखक आहेत जयंत विष्णू नारळीकर. आपलं नाव पाहून निकाल लागू नये म्हणून त्यांनी टोपणनाव घेतलं, आणि हस्ताक्षर ओळखू येऊ नये म्हणून पत्नी मंगला यांच्याकडून कथा लिहून घेतली. कथेला पहिलं बक्षीस मिळालं.

आपल्या प्रश्नाकडे या कथेची वाट वेगळ्या बाजूने येते. कृष्णविवराच्या शेजारी काळ मंद चालतो. मग लांब प्रवासासाठी यान मोठं करण्याऐवजी प्रवाशाचाच काळ आखूड केला तर? बाहेर वर्षं जातात, आत थोडाच वेळ. ना शेत लागत, ना मोठं चाक, ना पुढची पिढी. मेमूएवढ्या डब्यात हावड्यापलीकडे जाता येईल. किंमत मात्र चुकत नाही. ती जागेऐवजी नात्यांतून वसूल होते. परत येणाऱ्याच्या ओळखीचं जग पुढे निघून गेलेलं असतं. यानाच्या मांडणीचा प्रश्न नारळीकरांनी भौतिकशास्त्राने सोडवला, हे मराठी विज्ञानकथेचं मोठं बलस्थान. तिची उणी बाजूही यातच आहे, पण ते शेवटी.

ओरॅकल, ॲरिझोना, १९९१

२६ सप्टेंबर. काचेच्या प्रचंड घरात आठ माणसं शिरतात आणि मागे दार बंद होतं. दोन वर्षं उघडणार नाही. तुम्ही नववे, पण हवेच्या हिशेबात तुम्हाला धरलेलं नाही. बायोस्फिअर-२ हे यान नव्हे, पण लांब पल्ल्याच्या यानाचा याहून खरा सराव जमिनीवर दुसरा झालेला नाही. १.२७ हेक्टरवर रान, छोटा समुद्र, दलदल आणि शेत. शेतात चक्क धानाच्या बांध्या आहेत, पाण्यात मासे सोडलेत. गोंदियाच्या माणसाला परकं वाटू नये.

तरी भूक लागते. साधारण अर्ध्या एकरात आठ जणांचं भागवायचं, म्हणजे माणशी जेमतेम अडीचशे चौरस मीटर. सगळ्यांची वजनं उतरलीत. सोळा महिने होत आले आणि जिना चढताना तुम्हाला धाप लागते. हवेतला प्राणवायू २०.९ टक्क्यांवरून १४.२ वर आलाय. चोर सापडतो तो पायाखाली. पीक चांगलं यावं म्हणून माती भरपूर कसदार घेतली होती. तिच्यातले जीवाणू प्राणवायू खात होते. त्यांनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड झाडांकडे जायला हवा होता, पण तो इमारतीच्या काँक्रीटने पिऊन टाकला. जानेवारी १९९३ मध्ये बाहेरून प्राणवायू सोडावा लागला. कागदावरच्या नकाशात भिंत ही नुसती रेघ असते. बंद घरात ती श्वासातही वाटेकरी असते.

सालेकसा, २२२५

आता सगळ्यात लांबचा प्रवास. तहसील कार्यालयाशेजारच्या मंडपात सभा भरली आहे. तालुक्यातल्या तीन हजार माणसांचं यान प्रॉक्सिमा सेंटॉरीकडे निघणार आहे आणि नकाशा तुमच्या हातात आहे. अंतर ४.२४ प्रकाशवर्षं. प्रकाशाच्या एक टक्का वेग मिळाला तरी सव्वाचारशे वर्षं, म्हणजे सतराएक पिढ्या.

बायोस्फिअरचं माणशी प्रमाण धरलं तर ७५ हेक्टर शेत लागतं. फिरत्या पिंपासारख्या यानाची त्रिज्या २२४ मीटर ठेवली तर परीघ चौदाशे मीटर, आणि केवळ शेतासाठी जवळपास साडेपाचशे मीटर लांबी. इथवर सभा ऐकून घेते. मग तुम्ही धानावर येता. वीस हेक्टर बांध्यांत दहा सेंटिमीटर पाणी उभं ठेवायचं म्हणजे वीस हजार टन. एकविसाव्या शतकातलं आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक सुमारे ४२० टनांचं होतं. तशी जवळपास अट्ठेचाळीस स्थानकं नुसत्या पाण्यात. तुम्ही सुचवता की धान सोडून कोदो-कुटकी घेऊ, ती कमी पाण्यात येते.

पुढच्या रांगेतली म्हातारी उठते. "धान नाही तं रोवणी नाही. मंग आमी तिथं करावाचं काय जी?"

तुम्ही पुन्हा नकाशावर वाकता. पाणी काढायचं नाही, त्याला दुसरं काम द्यायचं. वैश्विक किरणांपासून बचावासाठी कवच लागणारच आहे, आणि पाणी उत्तम कवच असतं. मग बोडी, म्हणजे पाण्याचं तळं, पिंपाच्या बाहेरच्या सालीत, जमिनीखाली. वजन तेच, कामं दोन. अट एकच: कवचाचं पाणी संपता कामा नये. स्थानकावर २०२३ मध्ये १०० लिटरांतलं ९८ लिटर पाणी परत मिळवलं, तेव्हा कौतुक झालं होतं. पण दर फेरीला दोन लिटर जात राहिले, तर शंभर फेऱ्यांनी १०० लिटरांतले जेमतेम १३ उरतात. चारशे वर्षांच्या प्रवासाला ९८ टक्के म्हणजे नापास.

बोडीची पाळ कुठे घालायची, हे आर्थर क्लार्क यांनी १९७३ मध्येच सांगून ठेवलंय. त्यांच्या 'राँदेव्हू विथ रामा'मधल्या पोकळ यानात कंकणाकार समुद्र आहे. त्याचा एक काठ ५० मीटर उंच आणि मागचा ५००. यान वेग घेऊ लागलं की पाणी मागे चढणार, म्हणून. गोंदिया-भंडाऱ्याच्या मालगुजारी तलावांना पाळ उताराच्याच अंगाला असते. ज्या कोहळी समाजाच्या माणसांनी ते बांधले त्यांना हा नकाशा समजावून सांगावा लागला नसता.

शेवटचा वाद रिकाम्या जागेवरून होतो. पिंपाच्या मधल्या भागात तुम्ही एक मोठं मोकळं दालन सोडलं आहे. तरुण अभियंते म्हणतात, तिथे आणखी तीनशे माणसांची घरं बसतील. सभेतले गोंडी लोक कचारगडचं नाव घेतात. माघ पौर्णिमेला तिथल्या प्रचंड गुहेपाशी देशभरातून माणसं येतात. वर्षाचे बाकीचे दिवस तिथे गर्दी नसते, म्हणून ती जागा वाया गेली असं सालेकशात कुणी म्हणत नाही. जिथे सगळ्यांनी एकत्र जमायचं अशी जागाच नसेल, तर तीन हजार माणसं सतरा पिढ्या गाव म्हणून राहतील कशी? दालन राहतं. तीनशे नावं यादीतून जातात, आणि ती नावं तुम्हालाच वाचून दाखवावी लागतात.

लिहिणाऱ्यांसाठी

मराठी विज्ञानकथेने कल्पना मोठ्या दिल्या, विज्ञानाशी इमान राखलं. यानात मात्र ती फार वेळ राहिली नाही. बटण दाबलं, यान निघालं आणि पुढच्या परिच्छेदात पोचलं. त्यामुळे ही तीनशे नावं कुणाला वाचावी लागली नाहीत. पुढची यानकथा लिहायला घ्याल, तर पहिल्या वाक्याआधी कागदावर चार आकडे मांडा: माणसं किती, दिवस किती, पाणी शेकडा किती परत येतं, उष्णता बाहेर टाकायला पत्रा किती चौरस मीटर. जुळवताना ते एकमेकांशी भांडतील आणि कुणाची तरी जागा कापावीच लागेल. ज्याची कापली, त्याला कथेचा नायक करा.